गौरांग पंचवीस वर्षांचा होईपर्यंत

लतिका मोहरील आणि मी जबलपूरच्या मदन महल स्टेशनच्या बुकिंग ऑफिसात शेजारशेजारच्या खिडक्यांवर बसायचो. तिचे वडील गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते, घर गढ्याला, तीन खोल्यांचं. माझी खिडकी लवकर रिकामी व्हायची, कारण मी तिकीट फाडून पुढच्याला हाक मारायचे. तिच्या खिडकीसमोर मात्र रांग वाढत जायची. कटनीला जाणारा माणूस तिला आपण कटनीला काहून जाऊन राहिलो ते सांगायचा, आणि ती ऐकून घ्यायची. मागचे लोक ओरडायचे. ती ओरडणाऱ्यांनाही म्हणायची, "आपका भी सुनूँगी, भैया."

सव्विसाव्या वर्षी तिला चांदुरकरांचं स्थळ आलं.

जबलपुरात राहणाऱ्याला चांदुरकर कोण हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यासाठी सांगते. त्यांचे पणजोबा विदर्भातल्या चांदुराहून तेंदूपत्त्याच्या व्यापारासाठी इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या नातवाने राजकारण धरलं. या नातवालाच सगळे बापू म्हणत. नदीकडच्या गावांच्या मतदारसंघातून बापू चार वेळा आमदार झाले. मदन महलच्या उतारावर त्यांचं मोठं घर आहे, लोक त्याला कोठी म्हणतात. त्यांना दोन मुलगे, थोरला अंबरीश आणि धाकटा आल्हाद. लतिका अंबरीशला सांगून आली होती.

लग्न ठरलं तेव्हा बापूंनी एकच गोष्ट सांगितली. "आमदाराची सून तिकिटं विकत बसली, तर लोकांनाच बरं दिसणार नाही." लतिकाने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तिने ड्रॉवरची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "विभावरी, येत जा हं कोठीवर." मी हो म्हटलं. पुढच्या चोवीस वर्षांत मी तीनदा गेले असेन. तिथे फाटकावर नाव विचारायचे, काम विचारायचे, आणि माझं काही काम नसायचं.

अंबरीश माणूस वाईट नव्हता. तो घरी नसायचा, एवढंच. बापूंनंतर तो दोनदा निवडून आला. सकाळी सहापासून कोठीच्या दिवाणखान्यात लोक येऊन बसायचे, भिंतीला लागून प्लास्टिकच्या चाळीस खुर्च्या, आणि आत चहाचं मोठं पातेलं. चहा किती कप, नाश्त्याला पोहे की उपमा, कोणाला बाहेर बसवायचं आणि कोणाला आत, हे लतिका बघायची. माणसांची त्या घरात कधी कमी नव्हती. तिच्याशी बोलायला आलेलं मात्र त्यांत कोणी नसे. सगळ्यांची जेवणं झाली की ती स्वयंपाकघरात एकटी ताट घेऊन बसायची, आणि अनेकदा तेवढ्यात अजून चार पाहुणे यायचे.

तिला मूल झालं नाही. आल्हादला मुलगा झाला, गौरांग. आल्हादची बायको प्रणाली बाळंतपणानंतर कितीतरी वर्षं सारखी आजारी असायची, बराच काळ नागपूरला माहेरी राहायची. म्हणून पोर लतिकाच्या अंगाखांद्यावर वाढलं. घरात मुलं हिंदीच बोलायची. गौरांगला मराठी समजायचं, पण तोंडून निघायचं नाही. एकच मराठी हाक त्याला येत होती, 'मोठी आई'. ती लतिकासाठी.

२०१८च्या ऑगस्टात एका शाळेच्या कार्यक्रमात बक्षिसं वाटता वाटता अंबरीश खुर्चीवरून खाली कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. चोपन्न वर्षांचा होता. निवडणुकीला तीन महिने उरले होते.

चौदाव्याचं जेवण झालं त्या दुपारी बापूंनी लतिकाला दिवाणखान्यात बोलावलं. आल्हाद तिथेच होता. ती उभी राहिली, तसं बापूंनी तिला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदा बसली.

बापूंनी हिशेब आधीच करून ठेवला होता. आल्हाद सरकारी कामांचे ठेके घेत असे, त्यामुळे त्याला उभं राहता येत नव्हतं. गौरांग वीस वर्षांचा होता. आमदारकीला पंचवीस पुरी लागतात.

"पाच वर्षं, लतिका," बापू म्हणाले. "गौरांग पंचवीस वर्षांचा होईपर्यंत. जागा बाहेर गेली की परत येत नाही, हे मी पाहिलं आहे. तू फक्त बस."

"मला काय करावं लागेल?" तिने विचारलं.

"काही नाही वहिनी," आल्हाद म्हणाला. "मी आहे ना. तुम्ही सही करायची."

तिला नवऱ्यासाठी नीट रडायलाही जमलं नव्हतं अजून. तिने मान हलवली. पुढे मला सांगताना म्हणाली, "मला वाटलं, निदान गौरांगसाठी करून राहिली. त्याच्यासाठी डबा भरायची तसंच."

प्रचारात तिला पांढरी साडी नेसवली, जीपमध्ये उभं केलं, आणि हात जोडायला सांगितलं. बोलायला एकच वाक्य दिलं होतं. "अंबरीश जी का अधूरा काम पूरा करना है." दिवसाला चाळीस वेळा ती ते वाक्य म्हणायची. कुठलं काम अधूरं होतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. अठरा हजार मतांनी ती निवडून आली.

अधिवेशनासाठी भोपाळला जावं लागे. आमदारांच्या विश्रामगृहात तिला एक खोली मिळाली. सभागृहात मागच्या बाकावर जागा. पहिल्या अधिवेशनाहून ती जनशताब्दीने परतली, तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर होते. चार कार्यकर्ते हार घेऊन उभे होते. तिने हार घेतले, आणि मला पाहून थांबली. किती वर्षांनी जवळून पाहत होते तिला. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"कसं वाटलं भोपाळ?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"विभा, आठ दिवसांत मला एकच प्रश्न विचारला गेला," ती म्हणाली. "मॅडम, चाय लेंगी?"

कार्यकर्ते हसले. ती हसली नाही. गाडीत बसून गेली.

पुढच्या सप्टेंबरात एक अर्ज आला. तो कोठीवर देणारी बाई फूलवती, नर्मदेवरच्या बरगी धरणाच्या जलाशयाकाठच्या बीजाटोला गावची. कागद भिजून वाळलेला होता, शाई पसरलेली. आल्हादने तो वाचला आणि बाजूला ठेवला. लतिका चहा बघायला बाहेर आली होती, तिने फूलवतीला पायऱ्यांवर बसलेलं पाहिलं. तिथेच तिच्याशेजारी बसून तिने विचारलं, "क्या हुआ, बाई?" आणि पाऊण तास ऐकत राहिली.

धरणाचं पाणी भरलं की बीजाटोल्याच्या तिन्ही बाजूंनी पाणी होतं आणि चौथ्या बाजूला जंगल. रस्ता सहा महिने बुडलेला असतो. तिथे नर्सबाई येत नव्हती. दिवस भरलेल्या बायकांना डोंगीत घालून, म्हणजे लहान होडीत, पलीकडे नेत. फूलवतीची सून मधल्या पाण्यातच बाळंत झाली होती. पोर वाचली, सूनही वाचली, पण पुढच्या वेळी कोणीतरी वाचणार नाही, असं फूलवतीचं म्हणणं होतं.

लतिकाने आल्हादला सांगितलं, मला तिथं जायचं आहे.

"बीजाटोला? वहिनी, दोनशे चौदा मतं आहेत तिथं. दोनशे चौदा मतांसाठी कोण जाते?"

ती दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर योगेशला घेऊन निघाली. कोणाला सांगितलं नाही. पाण्याच्या काठापर्यंत गाडी गेली, तिथून डोंगी. पलीकडे डोंगी गाळात अडकली, तशी ती साडी धरून गुडघाभर पाण्यात उतरली. काठावरचा एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "पहली बार कोई नेता गीला हुआ है." गावातल्या बायका इतक्या हसल्या की शेवटी तीही हसली. योगेश सांगतो, नवरा गेल्यापासून त्याने तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

दिवसभर ती तिथे होती. मासे आणि भात जेवली. होडीत जन्मलेली पोर मांडीवर घेतली. तिचं नाव नर्मदेवरून नरबदी ठेवलं होतं.

परत आल्यावर तिने स्वतःच्या हाताने विधानसभेचा प्रश्न लिहिला. दोन पानं झाली. बापू संध्याकाळी चार वाजता ओसरीवर बसायचे. तोवर त्यांच्याकडेही कोणी येईनासं झालं होतं, लोक आल्हादच्या खोलीत जायचे. तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग पेन्सिल मागितली आणि पावणेदोन पानं काटली.

"प्रश्न लांब नको," ते म्हणाले. "मंत्री लांब प्रश्नात लपतो. एकच विचार. त्या गावात नर्स शेवटची कोणत्या तारखेला गेली? बस्स. तारीख माग."

त्या दिवसापासून रोज चारला ती ओसरीवर कागद घेऊन जायला लागली. कोणत्या खात्याचं कोणतं पत्र कुठे अडतं, कलेक्टरला कसं लिहायचं, बाबूला कसं विचारायचं, हे बापूंनी तिला शिकवलं. चाळीस वर्षांत त्यांनी हे अंबरीशला शिकवलं नव्हतं, कारण अंबरीशने कधी विचारलं नव्हतं. म्हातारा आणि सून, दोघंच ओसरीवर. आतून आल्हादच्या बैठकीचा आवाज येत राहायचा.

सभागृहात तिने तारीख विचारली. तारीख कोणाकडे नव्हती. मंत्री म्हणाले, माहिती एकत्र केली जात आहे. तिने पुढच्या अधिवेशनात परत तीच तारीख विचारली. मग तिसऱ्यांदा. मागच्या बाकांवरचे लोक तिला 'तारीखवाली दीदी' म्हणायला लागले, काही चेष्टेने, काही नाही. करोना आला, सगळं थांबलं. ती फोनवरून तेच विचारत राहिली.

२०२१च्या एप्रिलात बापूंना ताप आला. घरातच एका खोलीत त्यांना वेगळं ठेवलं. बाकीचे दाराबाहेरून विचारपूस करायचे. लतिका आत जायची. एका दुपारी, जरा बरं वाटत होतं तेव्हा, ते तिला म्हणाले, "तू माझ्यापेक्षा चांगलं ऐकतेस. अंबरीशपेक्षा तर नक्कीच."

तिला वाटलं, आता ते पुढे काहीतरी म्हणतील.

"पण खुर्ची गौरांगची आहे," बापू म्हणाले. "ते विसरू नको."

चार दिवसांनी ते गेले. स्मशानात पाच माणसं. पन्नास वर्षं ज्याच्या दारात गर्दी होती, त्याच्यामागे पाच माणसं, असं आल्हाद पुढे सगळ्यांना सांगायचा. लतिकाला घरी थांबायला सांगितलं होतं. चार वाजले की ती ओसरीवर जाऊन बसायची. कागद आणायचं तिने थांबवलं होतं, नुसतीच बसायची.

बीजाटोल्याला इंजिनाची होडी आली ती २०२२च्या जानेवारीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी नर्सबाई त्या होडीतून जाईल, असं आरोग्य खात्याने लेखी दिलं. तारीख मिळाली होती. होडीचं उद्घाटन आल्हादने गाजवलं, हार-बिर, फोटो. पण आजूबाजूच्या गावांतून लोक कोठीवर यायला लागले ते 'दीदी कहाँ हैं' विचारत. आल्हादच्या खोलीवरून पुढे जात आणि ओसरीवर येऊन थांबत.

आल्हाद एकदा जेवताना म्हणाला, "वहिनी, तुम्ही लोकांना सवय लावून राहिल्या."

"कशाची?"

"तुमची."

गौरांग तोवर पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन परतला होता. उंच, शांत मुलगा. त्याला पांढरे कुर्ते शिवले, त्याला लग्नांना, दशक्रियांना, क्रिकेटच्या सामन्यांना नेऊ लागले. लतिका एकाच घरात राहून त्याला क्वचित पाही. आधी तो बाहेरून आला की तिच्या खोलीत डोकवायचा. आता त्याच्याबरोबर नेहमी सात-आठ जण असत, आणि ते त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत येत.

२०२३च्या जूनमध्ये तो पंचवीस वर्षांचा झाला. वाढदिवसाला गढ्यापासून मदन महलपर्यंत फलक लागले. फलकावर बापू होते, अंबरीश होता, आल्हाद होता, मधे मोठा गौरांग. लतिकाचा फोटो नव्हता. मी ऑटोतून येताना सगळे फलक बघत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्हाद टाइप केलेला कागद घेऊन तिच्या खोलीत आला. पक्षाला पत्र होतं. प्रकृती अस्वास्थ्यामुळे मी निवडणूक लढवू शकत नाही, माझ्या जागी चि. गौरांग यांना संधी द्यावी.

तिने वाचलं. "माझी तब्येत चांगली आहे, आल्हादभाऊ."

"लिहावं लागतं असं."

"काहून?"

"नाहीतर लोक विचारतील, चांगलं काम करून राहिलेली बाई काहून हटवली. समजून घ्या ना."

"पाच वर्षं म्हटलं होतं, पाच वर्षं झाली. मी नाही कुठं म्हणते? तसंच लिहा. मी आजारी नाही."

आल्हाद कागद तिथेच ठेवून गेला. दुपारी गौरांगला पाठवलं. तो एकटा आला, कितीतरी दिवसांनी. लहानपणी बसायचा तसा पलंगाच्या कडेला बसला. तिने त्याला विचारलं, "तुला हवी आहे का रे ही आमदारकी?"

तो म्हणाला, "मोठी आई, मुझे और आता क्या है? दस साल का था तब से सब यही बोल रहे हैं, पच्चीस का हो जा."

"आणि मला येतं, त्याचं काय करू मी?"

हे तिने आधी कोणालाच विचारलं नव्हतं. स्वतःलाही नाही. त्याने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "साइन कर दो ना. पापा बहुत टेन्शन में हैं."

तिने पेन घेतलं, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' हे शब्द काटले आणि खाली सही केली. आल्हादने काटलेला कागद फाडला. पक्षाकडे काय गेलं, कोणाच्या सहीने गेलं, हे तिला कधी कळलं नाही. गौरांगला तिकीट मिळालं.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिली मोठी सभा झाली. दुपारची वेळ, मंडपात सहा-सात हजार माणसं. लतिकाने व्यासपीठावर येऊन पुतण्याला आशीर्वाद द्यायचा, असं ठरलं होतं. तिला चार ओळी लिहून दिल्या होत्या. तिच्या आधी निवेदकाने माइकवर सांगून टाकलं, की दीदी गंभीर आजारी असूनही आपल्या लाडक्या भतीजासाठी उठून आल्या आहेत.

मंडपातून 'अरे अरे' असा आवाज आला. पुढच्या रांगेत बीजाटोल्याच्या बायका होत्या, फूलवती होती. तिने तोंडावर पदर धरला.

लतिका माइकपाशी आली. हातातल्या ओळी वाचण्याआधी म्हणाली, "मेरी तबीयत बिलकुल ठीक है. मुझे पाँच साल के लिए बैठाया गया था. पाँच साल हो गए." मग तिने कागदावरच्या ओळी वाचल्या, गौरांगच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जाऊन खुर्चीवर बसली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत ती तीन वाक्यं जबलपुरातल्या सगळ्या मोबाइलवर फिरत होती. 'बैठाया गया था' एवढंच कापून विरोधकांनी गाणं बनवलं.

गौरांग तेराशे सहा मतांनी हरला.

चांदुरकरांची जागा तेहतीस वर्षांत पहिल्यांदा गेली. निकालाच्या दिवशी दिवाणखान्यातल्या चाळीस खुर्च्या दुपारी दोनपर्यंत भरलेल्या होत्या, चारला तिथे कोणी नव्हतं. आल्हाद लतिकाच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "झालं समाधान?" आणि गेला. त्यापुढे त्या घरात तिच्याशी कोणी भांडलं नाही, कोणी टाकून बोललं नाही. कोणी बोललंच नाही. स्वयंपाकीण ताट झाकून ठेवायची. गौरांग जिन्यात समोर आला की बाजूला होऊन वाट द्यायचा, परक्या मोठ्या माणसाला देतात तशी. दीड महिना तिने हे काढलं.

जानेवारीत तिने योगेशला सांगून दोन पेट्या गाडीत ठेवल्या आणि गढ्याला वडिलांच्या घरी राहायला गेली. आईवडील कधीच गेले होते, घराला सात वर्षं कुलूप होतं. फाटकापर्यंत प्रणाली आली. "वहिनी, कशाला जाऊन राहिल्या?" म्हणाली. पण थांबा म्हणाली नाही.

मी निवृत्त झाल्यावर तिच्याकडे जायला लागले. फाटकावर आता कोणी नाव विचारणारं नव्हतं. खरं तर मी आधीही जाऊ शकले असते. तिने कधी त्याबद्दल काढलं नाही, मीही काढलं नाही.

गावांकडचे लोक तिला शोधत येतात. माजी आमदाराच्या हातात काही नसतं हे त्यांनाही कळतं, पण अर्ज कसा लिहावा, कोणत्या टेबलावर द्यावा, हे तिला माहीत आहे. ती लिहून देते. कधी स्वतः बसने कलेक्टर कचेरीत जाते आणि रांगेत उभी राहते. काही बाबू उठून खुर्ची देतात. काही जण ओळखूनही मान वर करत नाहीत, कारण कोठीवरून फोन येऊ शकतो. शहरातले आपले मराठी लोक तर अजिबात येत नाहीत. हळदीकुंकवाला बोलावणं येतं, ती गेली की सगळ्या बायका एकदम साडीवर बोलायला लागतात. पाच-सहा अर्ज लिहून झाले की दुपार संपते, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत तिच्या दाराची कडी वाजत नाही.

एकदा मी तिला विचारलं, "तू मुद्दाम बोललीस का गं त्या दिवशी?"

ती भाजी निवडत होती. बोटं थांबली. "खोटं नव्हतं बोलायचं, एवढंच डोक्यात होतं. मी स्वतःहून उठले असते तर त्याच्यासाठी गावोगाव फिरले असते, विभा. निवडून आणला असता त्याला."

"मग काय वाईट वाटतं?"

"बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं. खुर्चीवर बसले आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. तेव्हा गौरांगचा चेहरा मी पाहिलाच नाही. तेच वाईट वाटून राहिलं अजून. आधी त्याच्याकडे पाहिलं नाही मी."

बीजाटोल्याच्या केंद्रावर त्या वेळी गौरांगला किती मतं पडली, हे तिला माहीत होतं. दोनशे नऊ. तिने त्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्या मुलाला द्या म्हणून. इतर गावांना सांगायला वेळ मिळाला नाही, की कोणी तिला तिकडे नेलं नाही, हे मी विचारलं नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत गौरांगचं लग्न झालं. पत्रिका योगेश घेऊन आला. आतल्या नावांत, निमंत्रकांच्या यादीत, ती नव्हती. पाकिटावर होती, 'श्रीमती लतिका अंबरीश चांदुरकर', पाहुण्यांची असतात तशी. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "मी त्याच्या मुंजीत मातृभोजनाला बसले होते, विभा. प्रणाली तेव्हा दवाखान्यात होती." आणि मोरपंखी रंगाची साडी काढून ठेवली.

लग्न दुपारचं होतं. तिने ऑटो केला. मी घरी होते. चार वाजता तिचा फोन आला.

मुलगी छान आहे, रायपूरची आहे, तिलाही मराठी बोलता येत नाही, ती म्हणाली. कोठीच्या अंगणातल्या मंडपात तिला चौथ्या रांगेत जागा मिळाली. अक्षता झाल्यावर ती ओळीत उभी राहिली, भेट द्यायला. पुढे तीस-चाळीस माणसं होती. तिचा नंबर आला तसा गौरांग वाकला, पायांना हात लावला, आणि म्हणाला, "मोठी आई, जेवून जा." मराठीत म्हणाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण फोटोवाला 'आगे, आगे' करत होता, मागे लोक होते. ती खाली उतरली.

"जेवलीस?" मी विचारलं.

"तो म्हणाला ना. जेवले." मग तिने मला सगळं ताट सांगितलं. मठ्ठ्यात आलं जास्त होतं. मसालेभात कोरडा होता, पण आल्हादभाऊंना तसाच लागतो. तिच्या टेबलावर कोणीतरी रायपूरकडचे लोक होते, त्यांना ती कोण ते माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं, आप लड़के वालों की तरफ से? ती हो म्हणाली. एकाने तिला जिलबी वाढली. कोणती बाई कोणत्या रंगाच्या साडीत होती, कोठीला नवा रंग कोणता दिलाय, ओसरी कशी बंद करून तिथे काचेचं ऑफिस केलंय, सगळं सांगितलं. मी मधेमधे हं हं करत होते. घड्याळ पाहिलं तर पाऊण तास झाला होता.

"चल, ठेवते," ती म्हणाली. "तुला झोप आली असेल."

दिवस अजून चांगला वर होता. मी तिला थांब म्हटलं, चप्पल घातली आणि ऑटो करून गढ्याला गेले. ती साडी न बदलता दारातच बसली होती. मला पाहून उठली आणि चहा टाकायला आत गेली.